उंबऱ्यावरची झडती

"हात वर कर."

मी हात वर केले.

"पदर झाड."

झाडला.

"अंबाडा सोड."

अंगणात माझे अप्पा उभे होते. पंचमीला मला माहेरी न्यायला मैंदर्गीहून बैलगाडी हाकत आले होते. त्यांच्यासमोर मी केस मोकळे सोडले. नवऱ्यानं केसांत बोटं घालून चाचपलं. मग म्हणाला, "उडी मार." मी उंबऱ्यावर उडी मारली. काही लपवलं असेल तर खाली पडावं म्हणून. बांगड्या वाजल्या. बाकी काही पडलं नाही.

"पास. जा."

अप्पांनी तोंड फिरवलं. बैलाच्या शिंगाचा गोंडा सारखा करत राहिले. गोंडा सरळच होता.

वाटेत अक्कलकोट मागं पडल्यावर एवढंच म्हणाले, "मगळे, पोरी, मोठ्या हुद्द्याचा माणूस हाय. सोसायचं."

मी सोसलं. आणखी आठ वर्षं.

नवऱ्याला अहोजाहो करायची आमच्यात रीत आहे. तोंडानं मी ती पाळली. या वहीत पाळणार नाही. मुलीची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती. कुणाला दाखवायची नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. इथं फुटतो.

तो आधी सोलापूरच्या सरकारी खजिन्यात कारकून होता. त्याच्या बोटात गुण होता. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कागदावरून नुसतं फिरवलं की खोटी नोट ओळखायचा. डोळे मिटून. पुढं सरकारनं नोटा छापायचा कारखाना काढला, तेव्हा साहेबानं त्याला तिकडं नेलं. आगगाडीनं एक दिवसाची वाट. मला सोलापुरातच ठेवलं. रजा मिळाली की यायचा आणि महिनाभर राहायचा.

घरात त्या बोटाची देवासारखी राखण होती. रोज खोबरेल. चटका बसू नये म्हणून तव्यावरची भाकरी मी मोडून द्यायची. माझी बोटं भाजली तरी चालायची.

कारखाना सुटताना प्रत्येकाची झडती होते, हे त्यानंच मला सांगितलं. पहिल्या वर्षी तो नोटांचे ताव मोजायला होता. एक दिवस एक ताव कमी भरला. दारं बंद झाली. गोऱ्या साहेबानं सगळ्यांना उघडं करून ओळीत उभं केलं. यालाही. ताव शेवटी यंत्राखाली सापडला. साहेब नुसता "पास" म्हणाला आणि निघून गेला. मला दया आली. त्याचे पाय चेपता चेपता मी रडले.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याला निघाले. तो म्हणाला, "थांब. पदर झाड."

तिथून सुरू झालं. त्याची बढती होत गेली तशी माझी झडती वाढत गेली. मोजणीवरून तपासणीवर गेला, तेव्हा केस. झडती घेणाऱ्यांचा मुख्य झाला, तेव्हा उडी. लोक त्याला साहेब म्हणू लागले, तेव्हा तोंड. "तोंड उघड." तेल लावलेलं ते बोट गालाच्या आतून, जिभेखालून फिरायचं. अजून मला खोबरेलाचा वास सोसत नाही.

मागं सरले की कमरेचा पट्टा. पितळी बकलाचे वण माझ्या पाठीवर आहेत. एकदा तोंड उघडायला वेळ लावला म्हणून केस धरून माझं डोकं चौकटीवर आपटलं. गल्ली बघत होती. तो गल्लीला म्हणाला, "सरकारी माणसाचं घर आहे. शिस्त लागते."

त्या घरात लपवून नेण्यासारखं होतं काय? पीठ, मीठ, सरपण.

तो नसला तरी मी घराबाहेर पडताना उंबऱ्याशी थबकायची. हात आपोआप वर जायला बघायचे.

मुलगी सात वर्षांची झाली. समोर नरसव्वाचं घर. विणकर माणसं, तेलुगू बोलणारी, लेकराला बिड्डा म्हणणारी. त्यांच्या मागाजवळ मुलगी खेळायला जायची. एका दुपारी तिला बोलवायला गेले. तो रजेवर आलेला होता, म्हणून मी झडती देऊनच निघाले होते. मुलगी पळत आली आणि नरसव्वाच्या उंबऱ्याशी थांबली. दोन्ही हात वर केले. आ वासला. आणि उडी मारली.

तिची झडती तोवर कुणी घेतली नव्हती. ती नुसती बघत आली होती.

नरसव्वा हसली. "काय गं बिड्डा, नाचतीस का?"

मुलगी म्हणाली, "पास म्हण की. मग जाते मी."

नरसव्वाचं हसू गेलं. तिनं उठून मुलीचे हात खाली केले. माझ्याकडं बघून म्हणाली, "माज्या घरात असलं न्हाय चालत. तुज्या घरात तू का चालू देतीस गं?"

मुलीचा हात धरून मी रस्ता ओलांडला. अप्पांनी तोंड फिरवलं होतं, ते डोळ्यांसमोर आलं. मी तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पाटी घेऊन शाळेला निघाली. तो उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसला होता. त्यानं काही म्हणायच्या आत तिनं हात वर केले, तोंड उघडलं. तो खूश झाला.

"बघ. हिला शिकवावं नाही लागलं."

आणि त्यानं बोट पुढं केलं.

मी मध्ये गेले. मुलीला मागं ढकललं. "तिची न्हाय. माझी घ्या."

"तुझीही होईल. आधी तोंड उघड."

मी तोंड उघडलं. बोट आत आलं. मी तोंड मिटलं.

दात हाडाला लागेपर्यंत मिटलं.

तो ओरडला. डाव्या हातानं त्यानं पितळी तांब्या उचलून माझ्या तोंडावर मारला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा माझा डावीकडचा एक दात तुटला. मी सोडलं नाही. त्याचं रक्त की माझं, कळत नव्हतं. चव मात्र खोबरेलाची नव्हती. मला सोडायचं होतं तेव्हाच मी सोडलं. मुलगी पाटी छातीशी धरून बघत होती. हेही तिनं बघितलं.

मी तिचा हात धरून निघाले. तो धोतराचा सोगा बोटाला गुंडाळून भिंतीशी बसला होता. तशातही ओरडला, "झडती दिल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही!"

मी उंबऱ्यावर थुंकले. रक्त आणि दात.

"घ्या. तोंडात एवढंच होतं."

समोर नरसव्वाचं दार उघडं होतं.

त्यानं पोलिसात तक्रार केली नाही. काय लिहिणार? कारखान्यात सांगितलं, बोट दारात चेंगरलं. साहेबासमोर खोटं बोलला. बोट राहिलं, पण त्याच्या टोकाला काही कळेनासं झालं. नोट आणि रद्दी त्याला सारखीच लागू लागली. त्याला कोऱ्या फॉर्मांच्या कोठारावर बसवलं. हे मला त्याच्या भावानं सुनावलं. "माणसाची भाकरी घालवलीस, वहिनी." मला वाईट वाटलं नाही.

आम्ही मायलेकी नरसव्वाकडंच राहिलो. मी गिरणीत गेले, रिळावर सूत गुंडाळायला. पहिल्याच दिवशी भोंगा झाल्यावर बायकांची रांग लागली. फाटकाशी जमादारीण. "हात वर कर गं."

"माझी झडती न्हाय व्हायची."

"अगं बया! राणी लागून गेली. मग उद्या येऊ नको."

"न्हाय येत."

रांग हसली. घरी नरसव्वा भडकली. "हातानं पोट भरतंय की. जरा वर केले तर झिजतात व्हय?" मी चरख्याशी बसले आणि तिच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला घेतल्या. अजून भरते. कधी एकवेळच जेवतो. हात खाली असतात.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. मी चौथीत शाळा सोडली, ती त्यापुढं गेली. परवा त्याचं कार्ड आलं. डाव्या हातानं लिहिलेलं. मुलीचं लग्न ठरवलंय. मुलगा कारखान्यातच झडतीवर आहे, वर चढेल. पंचमीला न्यायला येतो.

मी वाचून दाखवल्यावर नरसव्वानं माग थांबवला. "काय करतीस गं?"

मी मुलीचा टाक घेतला. आयुष्यात त्याला लिहिलेलं हे पहिलं कार्ड. त्यात असं लिहिलं आहे:

"मुलगी देणार नाही. ती शाळेत जाते. न्यायला आलास तर दारात मी उभी असेन. डावीकडचा एक दात तू पाडलास. बाकीचे शाबूत आहेत."