ड्रायव्हर फुटलाय, हे आधीच सांगून टाकलं

मंडळी, अंधेरीच्या एडिटिंग रूममधून घरी येऊन तास झाला, तरी जीव थाऱ्यावर नाही.

एका राजकीय थ्रिलरचा मी एडिटर. त्यात आमदार लेकीकडे निवांत जेवतो, खाली येऊन गाडीत बसतो आणि तेव्हा कळतं की ड्रायव्हर विरोधकांना फितूर झालाय. तो धक्का जमावा म्हणून मी चार दिवस खपलो होतो.

आमची दिग्दर्शिका वैशाली म्हणाली, "ड्रायव्हर फुटलाय ते आधीच दाखव. मग जेवण लांबव."

"अगं, मग सस्पेन्स कुठे उरला?"

"करून तर बघ ना."

चिडूनच केलं. मग तिने ऑफिसात साफसफाई करणाऱ्या शेवंतामावशींना आत बोलावलं. मावशी मालवणकडच्या. हातात फडकं घेऊन उभ्यानेच बघायला लागल्या.

पडद्यावर आमदाराने पाण्याचा पेला उचलला. लेक म्हणाली, "बाबा, अजून थोडा भात?"

मावशी पुटपुटल्या, "घे रे, सावकाश जेव. खाली जाव नको."

हा सीन मी शंभरदा पाहिलेला, तरी मीही मनात म्हणालो, नको जाऊस खाली. वैशाली पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

निघताना मावशींनी मला दारात गाठलं. "वाचता ना रे तो?"

आमदाराच्या मरणाचा सीन मीच एडिट केलाय. तरी तोंडातून निघालं, "अजून ठरलं नाही, मावशी."

उद्या त्या परत विचारणार. तुम्ही असता तर खरं सांगितलं असतं?