माझ्या नावाचं तिकीट

अकोल्याच्या स्टेशनवर आई-बाबा मला सोडायला आले तेव्हा गाडी चाळीस मिनिटं लेट होती आणि त्या चाळीस मिनिटांत आम्ही बापलेक फार तर चार वाक्यं बोललो असू. आई माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा तपासत होती. गाडी दिसायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, "तिथे काय करतोस ते मला इथे मान वर करून सांगता आलं पाहिजे." एवढंच. त्यांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. जास्तीची पायरी लिहिलेली त्यांना खपत नाही. मी वाकून नमस्कार केला. आई खिडकीशी येऊन म्हणाली, "गणपतीत तुझ्या नावाचं तिकीट मी घेत जाईन, काळजी नको करू."

हे तिकीट हौजीचं. आमच्या शिक्षक कॉलनीत गणपतीतली एक संध्याकाळ हौजीची असे आणि आकडे पुकारायचा मान बाबांचा. तसा त्यांना जुगाराचा भयंकर तिटकारा. कोजागरीला कुणी पत्त्यांवर पैसे लावले, तर हातातला दुधाचा पेला खाली ठेवून ते उठून जात. पण हौजी म्हणजे जुगार नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. कारण बक्षीस स्टीलचा डबा असे आणि तिकिटांचे पैसे महाप्रसादाला जात. यावर वाद घालायची कॉलनीत कुणाची हिंमत नव्हती. आई स्वतःचं आणि माझं अशी दोन तिकिटं सांभाळायची. एका तिकिटावरचे कुठलेही पाच आकडे सगळ्यांत आधी कापले गेले की "जल्दी फाइव्ह!" असं ओरडायचं आणि छोटं बक्षीस न्यायचं. आईचा आवाज त्या वेळी मंडपाबाहेर रस्त्यापर्यंत जाई. आमच्या घरातले निम्मे डबे असेच आलेले आहेत.

मी गेलो मिशिगनला, ट्रॉयला. गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम, पाच वर्षांचा बर्फ, मीनलशी लग्न, ईराचा जन्म. मग एका सकाळी पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये आमची अख्खी टीम घरी गेली. व्हिसावर असल्यामुळे साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर सामान बांधा. जे या वाटेने गेलेत त्यांना ते साठ दिवस समजावून सांगायला नकोत, आणि जे घरी राहिले त्यांना सांगूनही ते कळत नाहीत. पन्नासाव्या दिवशी एकच ऑफर हातात आली. लास वेगासमधल्या एका कंपनीची. कॅसिनोत रांगेने मांडलेली, बटण दाबून पैसे लावायची यंत्रं असतात, त्यांचं सॉफ्टवेअर लिहायचं.

मी हो म्हटलं. घरी फोनवर सांगितलं, "गेम्सचं सॉफ्टवेअर आहे बाबा. हेंडरसन नावाच्या गावी." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पुण्याला पिंपरी लागून आहे तसं वेगासला हेंडरसन लागून आहे, एवढंच मी सांगितलं नाही. बाबांनी कॉलनीत सांगितलं की मुलगा लहान मुलांसाठी खेळ बनवतो. मीही त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

वेगासला राहतो म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. "मजा आहे यार तुझी!" खरं सांगू? तो झगमगता मोठा रस्ता, ज्याला सगळे स्ट्रिप म्हणतात, तिथे आम्ही वर्षातून दोनदा जातो आणि दोन्ही वेळा पाहुण्यांना घेऊन जातो. दुसऱ्या राज्यांतून, मॉरिसव्हिलहून, ईडन प्रेरीहून ओळखीचे येतात, पार्किंगपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत प्रत्येक गोष्टीला खिसा रिकामा करतात आणि दुसऱ्या दिवशी पाय चोळत बसतात. मग मी त्यांना गाडीत घालून आमच्या वस्तीतल्या कॅसिनोत नेतो. असे कॅसिनो शहरात बरेच आहेत आणि तिथे येतात ते इथलेच लोक: शाळेतल्या शिक्षिका, नर्स, रिटायर झालेले ड्रायव्हर. पार्किंग फुकट. आत सिनेमाचं थिएटर, बोलिंग, रोजची बिंगो, म्हणजे इकडची हौजी. अंड्यांचा आणि बटाट्यांचा एवढा नाश्ता की एका प्लेटमध्ये दोघांचं भागतं, वेट्रेस तीच आणि तिला आपलं नाव पाठ. यंत्रांच्या रांगा ओलांडून जावं लागतं खरं, पण मान खाली घालून सरळ चालत गेलं तर त्यांना एक छदामही द्यावा लागत नाही. ईरा बोलिंग इथेच शिकली. पाहुण्यांना वाटतं मी त्यांना काहीतरी गुपित दाखवलं. मी त्यांना फक्त आमचा कोपरा दाखवलेला असतो.

अशाच पाहुण्यांत एकदा स्मिता आली. कॉलनीतल्या कुळकर्णी बाईंची मुलगी, आता ईडन प्रेरीला असते. तिला आमचा कॅसिनो इतका आवडला की तीन दिवसांत ती स्ट्रिपवर फिरकलीसुद्धा नाही. निघताना मी तिला बजावलं, घरी यातलं काही बोलू नकोस. तिने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

आई मात्र दर रविवारी विचारायची, "आम्ही कधी येऊ रे तुमच्याकडे?" मी म्हणायचो, घर घेऊ दे. घर घेतल्यावर म्हणालो, ग्रीन कार्डचं होऊ दे. ग्रीन कार्ड झालं तेव्हा म्हणालो, उन्हाळा संपू दे. उन्हाळा कशाचा, मला ते गाव दाखवायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आमचं घर न बघता. हे वाक्य मी बरेच दिवस स्वतःलाही सांगत नव्हतो, आज लिहून टाकतोय.

यंदा बाबांना बोलावलं. विमान लास वेगासला उतरतं ते केवळ तो जवळचा एअरपोर्ट म्हणून, असंही वर सांगितलं. आता या एअरपोर्टची गंमत अशी की विमानातून बाहेर पाऊल टाकलं की समोर जुगाराची यंत्रंच, सामान येतं तिथेसुद्धा. एअरपोर्टवर फार चालायला नको म्हणून घेतलेली त्यांची व्हीलचेअर मी अशी पळवली की ढकलायला आलेला माणूस मागे राहिला. बाबा दोन्ही बाजूंनी बघत होते.

जूनमधला तो रखरखाट मीनलला त्यांच्यासाठी काळजीचा वाटत होता. बाबा म्हणाले, "अकोल्याच्या माणसाला ऊन नको दाखवू, बाई." पण आठवड्यात तेही हरले. पहाटेही भट्टी, आणि फुटपाथवर चिटपाखरू नाही. त्यांचं रोजचं फिरणं बंद पडलं, तेव्हा शेजारचे फ्रँक काका त्यांना सकाळी गाडीतून कुठेतरी चालायला नेऊ लागले. फ्रँक काका कॅसिनोत तीस वर्षं पत्ते वाटून रिटायर झालेले. कुठे नेतात, हे मी विचारलं नाही. मॉलमध्ये नेत असतील असं धरून चाललो. विचारणं टाळणं हा आमच्या घराण्याचा गुण असावा.

एका शनिवारी अकरा वाजले तरी बाबा आले नाहीत. मी ईराला विचारलं, आजोबा कुठे गेले? ती मान वर न करता म्हणाली, "बिंगोला. विथ मिस्टर फ्रँक. ही गोज ऑल द टाइम."

मी गाडी काढली. आमच्याच कॅसिनोच्या बिंगो हॉलमध्ये, पांढऱ्या केसांच्या दीडशे माणसांत, बाबा टोपी घालून बसले होते. समोर कागद, हातात आकड्यांवर ठसे उमटवायचा जाडा मार्कर. मी दारातच थांबलो. तेवढ्यात बाबा उभे राहिले आणि हात वर करून गरजले, "जल्दी फाइव्ह!"

हॉल थांबला. पुकारणारी बाई थांबली. तिची मदतनीस धावत येऊन बाबांचा कागद बघायला लागली, आणि बाबा तिला शिक्षकी इंग्रजीत समजावायला लागले की एनी फाइव्ह नंबर्स, मॅडम, फर्स्ट प्राइझ इज फॉर एनी फाइव्ह. इथे असं बक्षीसच नसतं, आकडे ओळीत यावे लागतात, हे फ्रँक काका त्यांना शर्ट ओढून सांगत होते. सगळा हॉल हसला, बाबाही हसले. शेजारच्या एका म्हातारीने आपल्या पर्समधलं चॉकलेट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "युवर प्राइझ," ती म्हणाली. बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, मंडपात डबा घ्यावा तसं.

खेळ संपल्यावर आम्ही दोघं फूड कोर्टात चहा घेऊन बसलो. समोरच यंत्रांची रांग होती.

"यातलं तुझं कोणतं?" बाबांनी विचारलं.

"माझं म्हणजे?"

"मशीन रे. तुझ्या कंपनीचं."

मी बोट दाखवलं. त्यावर एक बाई बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, एकसारखं बटण दाबत. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "शेवटी जिंकतं कोण?"

"कॅसिनो. गणितच तसं असतं."

"ते गणित तू करतोस?"

"मी स्क्रीनचं करतो. गणित दुसरी टीम करते." उत्तर खरं होतं, तरी मला गृहपाठ न केलेल्या मुलासारखं वाटलं. "तुम्हाला कधी कळलं, बाबा?"

"स्मिता इथून गेली त्याच आठवड्यात. कुळकर्णी बाईंनी कंपाउंडवरून तुझ्या आईला सांगितलं." म्हणजे पाच वर्षांपूर्वी. "मी तुला झापायला फोन उचलला होता. तिने हातातून काढून घेतला. म्हणे, त्याला सांगणं जड जाऊन राहिलं, आपण विचारून आणखी जड नको करू. तो सांगेल स्वतःहून."

दर रविवारी ती विचारायची, आम्ही कधी येऊ. ती अमेरिका बघायला नव्हती मागत. मला सांगायला जागा करून देत होती, आणि मी दर रविवारी तिला उन्हाळ्याचं कारण देत होतो.

मी तिथेच, सगळ्यांसमोर रडलो. टेबल पुसणाऱ्या बाईने जाता जाता माझा खांदा थोपटला आणि म्हणाली, "यू विल विन इट बॅक, हनी." या गावात रडणारा माणूस पैसे हरलेला असतो, असंच धरतात.

बाबांनी चहा संपवला. "तुझं काम मला आवडलं नाही. नाही आवडणार," ते म्हणाले. "पण आवडलं नाही, हेसुद्धा मी कॉलनीत मान वर करून सांगितलं असतं. लपवलेलं कसं सांगू?" मग उठले आणि त्या बाईच्या यंत्राजवळून हळूहळू चालत दाराकडे गेले. मी मागून गेलो.

मी ती नोकरी सोडलेली नाही. सोडली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण घराचा हप्ता आहे, ईराची शाळा आहे, आणि खोटं पुन्हा सुरू करायचं नाही. घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं, तर मी म्हणेन, जिथे आपलं काम सांगून झालेलं असतं. हेंडरसन माझं घर झालं ते त्या फूड कोर्टात, सात वर्षं राहिल्यानंतर.

बाबा ऑगस्टमध्ये परतले. गणपतीत त्यांनी फोन केला तेव्हा तिकडे संध्याकाळ होती आणि इकडे आमचा नाश्ता चालला होता. हौजी सुरू व्हायची होती. बाबांच्या पुतण्याने फोन मंडपात खुर्चीवर उभा केला होता, त्यातून बाबा माइक धरलेले दिसत होते. आधी माझ्या फोनवर एका तिकिटाचा फोटो आला. वर पेनाने आईचं नाव लिहिलेलं. खाली मेसेज: तुझं मी सांभाळतो, तू हिचं सांभाळ.

मग बाबांनी माइकवर खाकरून सांगितलं, "माझा मुलगाही खेळतोय. लास वेगासला असतो. जुगाराच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो. तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवा." मंडप हसला. फोनच्या त्या एवढ्याशा चौकोनात त्यांची वर केलेली मान मला दिसत होती.

मी ते तिकीट कागदावर उतरवून घेतलं होतं. एकेक आकडा कापत गेलो. पाचवा कापला तेव्हा वर उतरवलेल्या आईच्या नावावर नजर अडकली आणि ओरडायला एक क्षण गेला. "जल्दी फाइव्ह!" मी ओरडलो. ईरा दचकली. पण माझा आवाज तिकडे पोचेपर्यंत मंडपात दुसऱ्याच कुणीतरी हात वर केला होता.

बाबांनी फोनकडे बघितलं. "उशीर केलास," ते म्हणाले. "आता पुढच्या आकड्यांकडे लक्ष दे."