पडलेलं की पाडलेलं

मामींच्या बरगडीत चमक भरायची. श्वास घेतला की कळ येई, त्यामुळे त्या बोलता बोलता मध्येच थांबत. वैद्यांनी सांबरशिंग उगाळून लेप लावायला सांगितला होता. घरातलं जुनं शिंग झिजून बोटाच्या पेराएवढं उरलं होतं. सहाणेवर ते धरताही येत नसे. बाजारात शिंग मिळत होतं. मामांनी एक आणलंही. पण मामी माळकरी. त्यांनी ते उलटं केलं, बुडाला चिकटलेलं हाड पाहिलं आणि मामांच्या हातात परत दिलं.

"हे पाडलेलं हाय. मला पडलेलं पायजे."

दोन शब्दांत एका कान्याचा फरक. सांबर दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी शिंगं टाकतं आणि पावसाळ्यात त्याला नवी फुटतात. टाकलेल्या शिंगाचं बूड गोलसर आणि दाणेदार असतं. मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा तुकडा राहतो. जीव गेला की नाही, ते बूड सांगतं.

म्हणून वैशाखातल्या एका सकाळी मामा, त्यांचे एक जुने मित्र आणि मी सोयगावमागच्या डोंगरात निघालो. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला तेव्हा काही वर्षं लोटली होती. मी औरंगाबादला एका दैनिकात नुकता लागलो होतो आणि सुटीवर मामांकडे आलो होतो. मामांच्या या मित्राला मी चाचा म्हणत असे. पूर्वी ते जहागीरदारांच्या शिकारीत माग काढत. ॲक्शननंतर जहागीर गेली आणि चाचांची बंदूक ठाण्यात जमा झाली. डोंगरात जाणं तेवढं सुटलं नाही. ॲक्शनच्या धामधुमीत त्यांची बायकामुलं काही दिवस मामांच्या माडीवर राहिली होती. मामी त्यांना वाढत. त्या दिवसांविषयी दोन्ही घरांत कोणी बोलत नसे.

सागाला पान नव्हतं. सगळी पानं खाली. प्रत्येक पावलाला पापड मोडल्यासारखा आवाज येत होता.

"मियाँ, पाय उचलून टाका," मामा म्हणाले. "सांबर ऱ्हाऊ द्या, सारं सोयगाव जागं व्हईल."

"पाटील, आज सांबर कुणाला पायजे? त्याची पगडी पायजे. पगडीला कान नसतात."

शोधण्याची दोघांची पद्धत वेगळी होती. चाचांचं म्हणणं, सांबर नाल्यावरून उडी मारतं तेव्हा हिसका बसतो आणि सैल झालेलं शिंग गळतं. म्हणून ते नाल्याच्या काठाने चालत. मामा झाडं पाहत. ज्या खोडाची साल घासून निघाली असेल, त्याच्या भोवती ते काठीने पाला उलटत. मी दोघांच्या मधून चालत होतो. एकदा चाचा एकदम उताराला धावले आणि वाकून काहीतरी उचललं. ती सालईची वाळलेली फांदी होती.

"वा! सालईला शिंगं फुटली," मामा म्हणाले. "भाच्या, तुझ्या पेपरात दे हे."

"छापो, छापो. मगर फोटो पाटील का लगाना. लोकं सांबर म्हणून बघतील."

ऊन चढल्यावर आम्ही नाल्याच्या डोहावर थांबलो. उन्हाळ्यात नाला तुटतो आणि एवढंच पाणी उरतं. मासळी तिथे गोळा होते. चाचांनी गळाला बेडकी लावून दोर सोडला आणि खडकाआड बसले. मरळ लगेच गळाला लागत नाही. पाण्यावर एक खंड्या दोनदा उतरून गेला. मग दोर ताणला गेला. मामांनी तीन दगडांची चूल मांडली आणि मीठ-मिरची चोळून मासा निखाऱ्यावर भाजला. घरी मामा मासा खात नसत. डोंगरात खात, हे मामींना माहीत होतं. दुसरी मरळ चाचांनी घरी न्यायला पळसाच्या पानांत बांधली.

हात धुवायला चाचा डोहाच्या वरच्या अंगाला गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. घाणेरीच्या झुडपाखाली एक शिंग होतं. मोठं, जाड, तीन टोकांचं. चाचांनी ते छातीशी धरून आणलं.

"पडलेलं! सांगा भाभीला, वर्षभर उगाळा."

मामांनी शिंग उलटं केलं. बुडाला हाड होतं. आम्ही परत झुडपाशी गेलो तेव्हा मागे बरगड्या आणि मणके विखुरलेले दिसले. दुसरं शिंग नव्हतं. हाडांवर सुळ्यांच्या खुणा होत्या, वाघानं मारलेलं जनावर होतं.

"माणसानं तर नाय मारलं," मामा म्हणाले.

"पण पाडलेलंच ना?" चाचांनी विचारलं.

मामा शिंगाशी उकिडवे बसले. मग त्यांनी कमरेचा कोयता काढला. "एवढं हाड उडवतो. बूड दगडावर घासतो. कोण बघायला येतंय?"

"आणि भाभीनं विचारलं तर?"

"तुम्ही सांगा. तुमचं ती मानते."

"म्हणूनच मी नाय सांगणार," चाचा म्हणाले.

मामांनी कोयता परत खोवला. "तिला श्वास घेता येईना, मियाँ. रात रात भिंतीला टेकून बसती." चाचांनी मान हलवली, पण शिंग उचललं नाही. ते तिथेच राहिलं.

परतताना आम्ही वाट सोडून वरच्या कडेने आलो. कोणी चेष्टा करत नव्हतं. ऊन कलतीला लागलं तेव्हा मामांनी एका घासलेल्या खोडाशी पाला उलटला आणि खालीच बसले. आमच्याकडे न पाहता त्यांनी आधी बूड पाहिलं. गोल, दाणेदार, हाडाचा मागमूस नाही. वरचा निम्मा भाग मात्र कुरतडलेला होता. साळिंदर दात झिजवायला अशी शिंगं कुरतडतं. उरलेला तुकडा वीतभर असेल. मामांनी तो उपरण्यात गुंडाळला. "मासा लांब धरा, शिंगाला शिवायला नको," त्यांनी चाचांना बजावलं, आणि उतरणीवर दोघे वाटेच्या दोन कडांनी चालत राहिले.

दिवेलागणीच्या आधी घरी पोचलो. चाचांनी मासळी बाहेर कडुनिंबाला टांगली आणि पायरीशी उभे राहिले. मामी ओसरीवर बसल्या होत्या. मामांनी शिंग पुढे केलं. मामींनी ते घेतलं नाही. मामांकडे न पाहता चाचांना विचारलं, "भाऊ, पडलेलं का पाडलेलं?"

"पडलेलं," चाचा म्हणाले. मग थोडं थांबून, "पण भाभी, साळिंदरानं खाल्लंय. उष्टं हाय."

मामांचा चेहरा उतरला. दिवसभर बूड बघताना उष्ट्याचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. "मियाँ, हे कुणी विचारलं व्हतं तुम्हाला?"

"पुढं कळलं असतं."

मामींनी शिंग हातात घेतलं आणि दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला. कळ आली असावी. डोळे मिटून त्यांनी ती जाऊ दिली.

"खाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्याचं पोट हाय. यात जीव तर कुणाचा गेला नाय." आणि मला म्हणाल्या, "तांब्या आण."

शिंग धुतलं गेलं. मामी सहाणेपुढे बसल्या, बूड हातात घेऊन कुरतडलेली बाजू दगडाला लावली आणि उगाळू लागल्या. करड्या रंगाचं पाणी सुटलं, जळक्या केसांसारखा वास ओसरीभर पसरला.

"लई घाण वास येतो वो, भाऊ."

"मंग अस्सल हाय," चाचा पायरीवरून म्हणाले.

मामी हसल्या. हसताना त्यांना पुन्हा थांबावं लागलं. मग त्या उगाळतच राहिल्या.