पूजेला बसलेली पेटी

नव्वदीच्या मध्यातल्या एका खंडेनवमीला, सकाळी आरती चालू असताना, वापीजवळच्या सायली गावातल्या आमच्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर दोन दिवे लागले. बोर्डाला कोणाचाही हात लागलेला नव्हता. ऑपरेटर बोर्डापासून दूर, दाराशी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या हेडसेटवर कुंकू होते आणि त्यावर जवळच्या किलवणी गावाहून आलेल्या झेंडूचे एक फूल ठेवलेले होते.

मी त्या कारखान्याच्या कार्यालयात कामाला होतो. त्याआधी काही वर्षे नाशिकला एका दैनिकाच्या बातमी टेबलावर काढली होती. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवण्याची सवय तिथे लागली. इथे जे लिहितो आहे त्यातले बहुतेक पाहिलेले आहे. ऐकलेले आहे तिथे तसे म्हटले आहे.

कारखान्यात कृत्रिम धाग्याला पीळ देण्याचे काम चाले. कामगार बरेचसे धुळे, साक्री, नवापूर भागातले. हिशेबाचे काम वापीहून येणाऱ्या एका गुजराती गृहस्थांकडे, आणि सगळ्यांच्या वर मुंबईचे मॅनेजर. या सगळ्यांचे बोलणे एका खोलीतून जात असे. त्या खोलीत भिंतीला लावलेले टेलिफोन एक्स्चेंज होते आणि त्याच्यासमोर ऑपरेटरचा बोर्ड. बाहेरच्या प्रत्येक लाइनसाठी बोर्डावर एक दिवा होता. लाइन वापरात आली की तो लागे.

ऑपरेटर धुळ्याकडच्या होत्या. डोकमर्डीत राहत. नवरा त्याच कारखान्यात मशीनवर. सगळे त्यांना ताई म्हणत, मॅनेजर सोडून. ते ‘बाई’ म्हणत. जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी कामगार उभे राहत.

‘‘ताई, धुळाले लाइन लागनी का वं?’’

‘‘लागनी तर तुले बलावसू ना. जेवण कर आधी.’’

त्यांची एक पद्धत होती. बाहेरून कोणी फोन करून मोठ्या माणसाचे नाव सांगितले आणि काही मागितले, की त्या म्हणत, ‘‘ठेवा. मी लावते.’’ मग त्या माणसाचा जो नंबर त्यांना ठाऊक असे, त्यावर स्वतः फोन लावत. मुंबई ऑफिसचे मोठे साहेबसुद्धा यातून सुटले नव्हते. ते चिडले होते असे ऐकले. ताईंनी तरी पद्धत बदलली नाही.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता टेलिफोनचे बिल आले आणि त्यात परदेशी कॉल निघाले. कोणाच्याही कामाचे नसलेले देश. सगळे कॉल साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीचे. त्या दिवशी खोलीला कुलूप असे, आणि किल्ली ताईंकडे. त्यांचा धाकटा दीर मस्कतला होता. मस्कतचा एकही कॉल बिलात नव्हता, पण परदेश म्हटल्यावर लोकांना तेवढे पुरले.

मॅनेजरनी ताईंना माझ्यासमोर बोलावले.

‘‘बाई, सुट्टीच्या दिवशी खोली कोण उघडतं?’’

‘‘कोणी नाही.’’

‘‘मग कॉल काय भुतानं केले?’’

‘‘ते भुताला विचारा, साहेब. माझ्याकडे किल्ली आहे, भूत नाही.’’

मॅनेजर हसले नाहीत. चौकशी लावून कामावरून काढायचे, असे त्यांनी त्या गेल्यावर मला सांगितले. नवरा-बायको दोघांचे काम एकाच कारखान्यात. एकीला चोर ठरवून काढले की दुसऱ्यालाही फार दिवस राहता येत नाही, हे तिथे सर्वांना ठाऊक होते.

चौकशी लांबली ती एक्स्चेंज पुरवणाऱ्या कंपनीमुळे. त्यांचा इंजिनिअर पुण्याहून आला. वापीला उतरून रिक्षाने, कपडे धुळीने भरलेले. त्याने बिल पाहिले, भिंतीजवळ गेला आणि एक्स्चेंजच्या खाली लटकणाऱ्या एका लहान डब्याला हात लावला. तो मॉडेम. एक्स्चेंज बिघडले तर पुण्यात बसून त्या डब्याच्या नंबरवर फोन लावायचा आणि तारेवरूनच दुरुस्ती करायची, अशी सोय होती. दर वेळी माणूस पाठवावा लागू नये म्हणून.

‘‘हे मागचं दार आहे,’’ तो म्हणाला. ‘‘परवलीचा आकडा मशीन आलं तेव्हाचाच आहे. कोणालाही माहीत असू शकतो. इथून कोणीतरी आत येतंय, एक्स्चेंजला हुकूम देतंय की बाहेरून फोन आला तर त्याला आपली दुसरी लाइन जोडून दे. एका लाइननं आत, दुसरीनं परदेशात. खोलीला कुलूप असलं तरी त्याला काय त्याचं?’’

हिशेबनीस म्हणाले, ‘‘एटले कोई आया नहीं, और चोरी हो गई?’’

‘‘कोणी आलं नाही.’’

मी त्या मॉडेमकडे पाहिले. हातात मावेल एवढा डबा होता. रोज त्याच्यासमोरून जात होतो. त्याच्यातून एक अनोळखी माणूस, कुठल्या गावाहून कोण जाणे, सुट्टीच्या दिवशी आमच्या बंद खोलीत येऊन उभा राहत होता, ही गोष्ट पटायला वेळ लागला. मॅनेजरना ती पटलीच नाही.

काही दिवसांनी तो इंजिनिअर एक पेटी घेऊन परत आला. राखाडी पत्र्याची, समोर एक हिरवा दिवा आणि एक लाल. त्याने एक्स्चेंजमधला जुना हुकूम पुसला, टेलिफोनची तार मॉडेममधून काढली, पेटीत घातली, आणि पेटीतून दुसरी तार मॉडेमला दिली. आता बाहेरून येणाऱ्याला आधी पेटी भेटणार होती. तिने फोन उचलायचा, खुणेचा आकडा विचारायचा, आणि आकडा बरोबर असला तरी फोन कापायचा. नंतर तिला शिकवलेल्या एकाच नंबरवर, म्हणजे पुण्याच्या ऑफिसात, तिनेच फोन लावायचा. तिथे खरा माणूस बसलेला असला तर काम पुढे. पेटी पहाऱ्यावर असेतोवर हिरवा दिवा लागलेला राहणार. आकडा चुकीचा असला तर लाल दिवा लुकलुकणार आणि दार बंद.

ताई ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘‘ठेवा, मी लावते. हेच ना?’’

इंजिनिअर पक्कड हातात धरूनच हसला. ‘‘ताई, तुमची धाकटी बहीण आणलीय समजा.’’

‘‘बहीण बोलत नाही काही.’’

‘‘तेवढाच फरक.’’

त्याने पुण्याला फोन करून चाचणी मागितली. आम्ही उभे होतो. मॉडेमच्या लाइनवर घंटी आली, पेटीत खट् असा आवाज झाला, मग शांतता. थोड्या वेळाने, कोणी काही न करता, पेटी आतल्या आत आकडे फिरवू लागली. तो आवाज मी आजवर विसरलेलो नाही. तिने पुण्याला फोन लावला होता. पुण्याचा माणूस एक्स्चेंजमध्ये शिरला, आणि आमच्या समोर मॅनेजरच्या टेबलावरच्या फोनचा क्रमांक त्याने तिथून बदलून दाखवला आणि पूर्ववत केला. दाराशी उभ्या असलेल्या मिस्तरींनी चपला काढल्या.

हे मिस्तरी साक्रीकडचे, कारखान्याचे इलेक्ट्रिशियन.

मॅनेजरनी त्याच दिवशी शर्त घातली. ‘‘ठीक आहे. पेटी बसली. आता यापुढे एक जरी परदेशी कॉल गेला, तर तो बाहेरून नाही. मग बाई, तुम्ही आणि मी समोरासमोर.’’

ताई म्हणाल्या, ‘‘चालेल.’’

त्यानंतर सुट्ट्या आल्या आणि गेल्या. मॅनेजरनी टेलिफोन खात्यात माणूस पाठवून विचारून घेतले. परदेशी कॉल नव्हता. पण पेटीवरचा लाल दिवा लुकलुके. बहुधा दुपारी. ताई बोर्डावरून मान न वळवता म्हणत, ‘‘पाहुणा आला.’’ दिवा विझे. ‘‘गेला.’’ मी एकदोनदा मुद्दाम त्या वेळी जाऊन बसलो. दिव्याच्या पलीकडे कोण आहे, तो बसला आहे की उभा, त्याच्याकडे उजेड आहे की अंधार, काही कळण्याचा मार्ग नव्हता. एवढेच कळत होते की आत्ता, या क्षणी, तो दार ढकलतो आहे.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक यंत्राला विसावा असे. आदल्या संध्याकाळी मशीन बंद करून पुसायची, हत्यारे धुऊन पाटावर मांडायची, दुसऱ्या दिवशी पूजा. दसऱ्याच्या सकाळी नारळ फोडून मशीन पुन्हा सुरू. तोवर पूजेला बसलेल्या हत्याराला हात लावायचा नाही. टेलिफोन तेवढा बंद करता येत नसे, म्हणून बोर्डाला जागेवरच कुंकू लागे. हे सगळे मिस्तरी पाहत. उत्तर भारतातले कामगार विश्वकर्मा पूजा करून मोकळे झालेले असत, तरी प्रसादाला येत.

आरती टेलिफोनच्या खोलीसमोर आली तेव्हा ते दोन दिवे लागले.

आधी ते मिस्तरींना दिसले. त्यांनी आरतीचे ताट थांबवले. टाळ्या विरत गेल्या. बोर्डावर कुंकू, फूल, आणि त्यांच्यावर दोन पिवळे दिवे स्थिर. मागून कोणीतरी हळूच ‘‘देवी’’ म्हणाले. दोघातिघांनी हात जोडले. मीही हात जोडले असे मला आठवते.

ताईंनी दिवे वाचले. ‘‘पहिली लाइन बाहेरून आत. तिसरी आतून बाहेर.’’

हिशेबनीस म्हणाले, ‘‘पेटी लगाडी, तोय आवुं?’’ पेटी लावली तरी हे असे! सगळ्यांनी ताईंकडे पाहिले. शर्त सर्वांना ठाऊक होती.

‘‘ऐका बाई, कोण आहे ते,’’ मॅनेजर म्हणाले.

‘‘मी हात लावणार नाही,’’ ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. ‘‘मी लावला तर म्हणाल, हिनंच काहीतरी केलं. साहेब, तुम्ही कानाला लावा. तिसऱ्या दिव्याखालचं बटण दाबा.’’

मॅनेजरनी फूल उचलून बाजूला ठेवले आणि हेडसेट कानाला लावला. कुंकू त्यांच्या कानाला लागले. ते बराच वेळ ऐकत राहिले. त्यांनी नंतर सांगितले ते असे: दोन पुरुष बोलत होते, भाषा ओळखीची नव्हती, आणि एकीकडे लहान मूल रडत होते. यातले मी स्वतः काही ऐकले नाही. मी त्यांचा चेहरा पाहिला. मुंबईच्या त्या माणसाला कारखान्यातले बहुतेक आवाज ओळखता येत. हा त्याला कुठल्या दिशेचा तेही सांगता येत नव्हते.

हेडसेट उतरवून त्यांनी दुसऱ्या लाइनवरून पुण्याला इंजिनिअरच्या घरी फोन लावायला मला सांगितले. तिथेही पूजाच चालू होती. घंटा ऐकू आली. इंजिनिअरने एकच प्रश्न विचारला.

‘‘पेटीवर हिरवा दिवा आहे का?’’

मी भिंतीकडे पाहिले. पेटी भिंतीवर नव्हती. टेलिफोनची तार पूर्वीसारखी सरळ मॉडेममध्ये गेलेली होती.

‘‘मिस्तरी, पेटी कुठंय?’’ मी विचारले.

‘‘पूजेला बसवलीय ना, साहेब.’’

ती बाहेर पाटावर होती. पान्यांच्या आणि चात्यांच्या मधोमध, पुसून लख्ख, हळदकुंकू लावलेली, तिच्यावर सगळ्यात मोठे फूल.

‘‘नवं यंत्र,’’ मिस्तरी म्हणाले. ‘‘पहिली खंडेनवमी तिची. तिला विसावा नको? काल सांजेला उतरवली. तार लोंबत ठेवायची नाही म्हणून होती तशी जोडून दिली.’’

मी हे शब्द फोनवर जसेच्या तसे सांगितले. मग इंजिनिअर म्हणाला, ‘‘म्हणजे पेटी उतरवली त्या रात्रीतच तो आत आला. पेटी होती तोवर नाही आला. साहेबांना एवढंच सांगा.’’

मी सांगितले. मॅनेजर पाटावरच्या पेटीकडे, मग बोर्डावरच्या दिव्यांकडे, मग ताईंकडे पाहत राहिले. दिवे अजून चालूच होते.

‘‘पेटी परत लावा.’’

मिस्तरी हलले नाहीत. ‘‘पूजेला बसलीय, साहेब. उद्या सकाळशिवाय उठायची नाही.’’

वाद होईल असे वाटले. ताई म्हणाल्या, ‘‘पेटी बसू द्या. मॉडेमची तार काढा. दार उघडं ठेवण्यापेक्षा भिंतच बरी.’’ इंजिनिअरनेही फोनवर हेच सांगितले. तार काढली गेली. आतला हुकूम दसऱ्याला पुसायचा आणि तोवर बोर्डासमोर माणूस बसवायचा, असे ठरले.

चालू कॉल राहिला होता. मॅनेजर म्हणाले, ‘‘तोडा, ताई.’’

ताई बोर्डासमोर आल्या. नमस्कार केला, हेडसेट लावला, बटण दाबले. त्या लगेच तोडतील असे वाटले होते. त्या थोडे थांबल्या, आणि रोज ट्रंककॉलवाल्यांना सांगत त्याच सुरात म्हणाल्या, ‘‘हॅलो, टाइम हो गया. रखिए.’’

काय झाले ते त्यांनी नंतर सांगितले. दोन्हीकडचे आवाज एकदम बंद झाले. मूल तेवढे रडत होते. मग त्यांनी लाइन तोडली आणि दोन्ही दिवे विझले. मिस्तरींनी ताट पुन्हा उचलले आणि आरती जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली.

दसऱ्याच्या सकाळी नारळ फुटल्यावर पेटी भिंतीवर गेली. हिरवा दिवा लागला. पेटीने पुण्याला फोन लावला आणि तिकडून हुकूम पुसला गेला. दुपारी लाल दिवा लुकलुकला आणि विझला. पुढच्या बिलात पेटी बसल्यानंतरचे परदेशी कॉल एकाच दिवशीचे होते, खंडेनवमीचे. त्यानंतरच्या बिलात एकही नव्हता. चौकशी लागली नाही. आत येणारा कोण होता, हे कधीच कळले नाही.

पुढच्या खंडेनवमीला मिस्तरींनी पेटीला भिंतीवरच, हिरवा दिवा चालू असताना, कुंकू लावले. बोर्डावर ताई होत्या.