फक्त लाइटच गेली ना?

काल दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि मी दचकून जागा झालो. माझ्या भिवंडीच्या लूम कारखान्यात रातपाळीचे कारागीर दिवसा माळ्यावरच झोपत. दुसरं घर नव्हतं त्यांना. खडखडाटात गाढ झोपणारी ती माणसं लूम थांबले की, कारखानाच बंद पडला की काय, म्हणून घाबरून उठायची.

ते कारागीर आपणहून गावी गेले, असं मी सांगत आलो. ते खोटं आहे. लूम भंगारात विकून मेन स्विच मीच पाडला होता.

त्या दुपारी माळ्यावरून इद्रिस हा कारागीर डोकावला. "शेठ, लाइट ही गयी है ना?"

मी म्हणालो, "हां, आएगी."

"सो जाओ रे, लाइट ही गयी है!" तो हसला. सगळे पुन्हा आडवे झाले.

मागून भंगारवाल्याने हळूच विचारलं, "शेठ, पहिला लूम कुठला खोलू?"