थोरली ओढ, धाकटी सोड

कप्तान काकूंच्या बोटीवर दोऱ्यांना इंग्रजी नावं नव्हती. पुढच्या शिडाच्या डाव्या-उजव्या दोन दोऱ्या म्हणजे जावा. एक ताणली की दुसरीला सैल सोडावंच लागतं. मोठ्या शिडाची जाड दोरी म्हणजे सासूबाई. "थोरली ओढ, धाकटी सोड! अगं, सासूबाईंना जरा ढील दे, नाहीतर घर उलटेल!" असं त्या सेंट थॉमस बेटाच्या धक्क्याजवळ ओरडल्या की शेजारच्या बोटींवरचे गोरे कौतुकाने बघत बसायचे.

गाड्यांच्या कंपन्यांच्या, थंडीने गारठलेल्या नोव्हाय गावातली आमची मराठी माणसं रिटायर झाली की फ्लोरिडात कॉन्डो घेतात. काकू आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक टेस्ट करून रिटायर झाल्या आणि कॅरिबियनमध्ये शिडाची बोट घेऊन बसल्या. "ब्रेक पुष्कळ झाले, आता ब्रेक नसलेलं काहीतरी हवं," म्हणायच्या. दर हिवाळ्यात ह्या बेटावरून त्या बेटावर. सोबत कुकर, गोडा मसाला आणि जो कोणी तावडीत सापडेल तो.

त्या वर्षी मी सापडले. माझा नवरा निखिल उन्हाळ्यात हार्ट अटॅकने गेला होता. मी ऑफिसला जात होते, मीटिंग अटेंड करत होते, आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. मला रडू फुटावं म्हणून ओळखीच्या बायका घरी यायच्या आणि स्वतःच रडून जायच्या. काकू आल्या नाहीत. त्यांनी परस्पर माझं तिकीट काढलं. फोनवर एवढंच म्हणाल्या, "रडायचं तर रड, नाहीतर नको. पण येताना हिंग आण."

बोटीवर सांत्वन नव्हतं, काम होतं. मी पुढे बसायचं आणि समोर दिसेल ते बोलत राहायचं. "मिठाची गुळणी धरून बसायचं नाही हं. मीठ बाहेर भरपूर आहे!" मला वाटलं, हा माझ्यावरचा इलाज असावा. पण एका सकाळी पोहे खाताना त्यांनी सरळ सांगून टाकलं. "माझ्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आलाय गं. कडेचं दिसतं, समोरचं नाही. माझ्या सुजाताला कळलं तर आजच बोट विकायला लावेल. ही खेप नीट पार पडली तर पुढच्या वर्षीही येणार. ही बोट गेली ना, की मी लेकीच्या फ्रीमाँटच्या टाउनहाउसमधली म्हातारी उरेन, बस्स."

मी "बरं" म्हणाले. खरं तर घाबरायला हवं होतं, पण तेही जमलं नाही. डावीकडे खडक, पुढे तरंगता पिवळा बोया, उजवीकडे काही नाही, असं बोलत राहिले. वारा शिडात भरला की काकू लहान मुलीसारख्या खुदकन हसायच्या. मी ते बघायचे आणि पुन्हा समोर बघायचे.

सेंट जॉन बेटाच्या पुढे एका खडकाआडून अचानक मासेमाराची छोटी होडी निघाली.

"काकू, समोर होडी! डावीकडे घ्या, डावीकडे!"

काकूंनी गर्रकन चाक फिरवलं. होडी अगदी अंगाला घासून गेली म्हणा ना. मी म्हणाले, "वाचलो. कोणाला कळणारही नाही. नेक्स्ट इयर पक्कं."

काकूंनी विचारलं, "तो काय करत होता?"

"कोण, होडीवाला? हात हलवत होता. हसत होता."

"आपण वळायच्या आधी?"

"हो. तुमच्याकडे बघून."

काकूंनी चाक सरळ केलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला वाटलं, बाई आपल्याकडे बघतेय, वळेलच." आणि त्यांनी मला हाक मारली. "ये, चाक धर. सुजाताला फोन लाव."

बोट विकायची असं काकूंनी म्हटल्यावर पलीकडून सुजाताचा आवाज आला, "फायनली, आई! थँक गॉड!" काकू "हो ना" म्हणाल्या, फोन ठेवला आणि पुढे माझ्या जागेवर जाऊन बसल्या.

त्यांची ती पाठ बघून मला रडू फुटलं. काकूंसाठी, मग निखिलसाठी, मग कशासाठी देव जाणे. हुंदके आवरेनात, आणि दोन्ही हात चाकावर, त्यामुळे नाक पुसायचीही सोय नाही. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. नुसत्या ओरडल्या, "रडतेस ते ठीक आहे, पण समोर बघ!"

पुढच्या हिवाळ्यात काकू फ्रीमाँटलाच वारल्या. सुजाताचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. रडत रडत तिने विचारलं, "ताई, आर यू ओके?" माझे डोळे कोरडे होते. काकूंच्या वाटचं रडणं मी त्यांच्यादेखतच उरकलं होतं.