ड्राफ्टला दिलेलं नाव

कपाटातून बेसबॉलच्या ग्लोव्हच्या चामड्याचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. नातू इथल्या जपानी शाळेच्या टीमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. खेळावर कॉलेजात जागा मिळत होती, पण त्याचं मन ड्राफ्टकडे, जिथे प्रो टीम नवे खेळाडू निवडतात. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी समजवा त्याला." मी म्हणालो, "दे रे नाव! चौथी शिकून मी काय उपाशी मेलो?" नातवानं कॉलेजची जागा सोडून नाव दिलं. ड्राफ्टच्या दिवशी सूनबाईनं श्रीखंड केलं, सगळे टीव्हीसमोर बसलो. सगळी नावं संपली, त्याचं आलंच नाही. टीव्ही बंद करून तो मलाच म्हणाला, "आजोबा, गोमेन." म्हणजे माफ करा. आता तो तोयोसूच्या ऑफिसातून दमून येतो. नाव दिलं ते बरोबरच, मी आजही म्हणतो. त्याच्या ग्लोव्हला तेल मात्र मीच लावतो.